मुख्याध्यापकाच्या हातात काय असतं

अनुदानित माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला आपल्या शिक्षकाचा पगार एका रुपयानेही वाढवता येत नाही. पगार शासनाचा. बिल शालार्थ या वेतनप्रणालीवर भरायचं, रक्कम थेट खात्यात जमा होते. वार्षिक वेतनवाढ जीव तोडून शिकवणाऱ्याला मिळते आणि धडा वाचून दाखवून वर्गाबाहेर पडणाऱ्यालाही मिळते. 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, 24 वर्षांनी निवडश्रेणी. पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापकपदाची बढती मुख्यतः सेवाज्येष्ठतेने. चांगलं शिकवलं म्हणून काही पदरात पडावं, अशी सोय या रचनेत कुठेच नाही. माणदेशातल्या एका गावच्या शाळेत मी मुख्याध्यापिका झाले, तेव्हा हे मला नवीन नव्हतं. मी त्याच रचनेत शिक्षिका म्हणून डोक्याचे केस पिकवले होते. पण खुर्चीत बसल्यावर एक प्रश्न रोज समोर येऊ लागला: ही माणसं मनापासून शिकवायला हवीत, तर त्यांना देण्यासारखं माझ्याकडे आहे काय?

स्टाफरूममध्ये तेव्हा बोलणं कशाचं चाले, तर पेन्शनचं. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले आणि नंतर लागलेले एकाच टेबलाभोवती डबा खात, आणि एकाला जुनी पेन्शन, दुसऱ्याला नाही. संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरण्याचा, दिवस जवळ आला की पटसंख्येचं बोलणं सुरू व्हायचं. गावात इंग्रजी माध्यमाच्या शाळेची व्हॅन यायला लागली होती. आमची पाचवीची एक तुकडी त्यातच गेली. पुढचा अतिरिक्त कोण, हा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात असे. आणि गावातलं कुणीही पारावर बसून म्हणायचं, ‘मास्तरांना काय, एवढा पगार घेतात.’ यातल्या एकाही गोष्टीवर माझा अधिकार चालत नव्हता.

अधिकार चालत होता तो वेळापत्रकावर, रजेवर आणि लॉगबुकवर. त्यातून जे करता आलं ते मला सांगायचं आहे.

वेळापत्रक ही बाहेरच्या माणसाला किरकोळ गोष्ट वाटते. शिक्षकाचं सगळं वर्ष त्या एका कागदावर अवलंबून असतं. आमच्याकडे पर्यवेक्षक सुट्टीत एकटे बसून ते तयार करायचे, जूनमध्ये शाळा उघडली की काचेच्या फलकात लागायचं, आणि त्याच दिवशी धुसफूस सुरू व्हायची. पुढच्या वर्षी मी शाळा उघडण्याआधी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. मोठ्या टेबलावर ड्रॉइंग पेपर चिकटवून एक लांबलचक तक्ता केला, प्रत्येक तासिकेची चिठ्ठी कापली, आणि म्हटलं, काय हवं आणि काय नको ते आधी सांगा, मग चिठ्ठ्या मांडू.

पहिला अर्धा तास कुणी बोललं नाही. मुख्याध्यापकाने असं विचारण्याची सवयच नव्हती. मग गणिताचे सर म्हणाले, ‘दहावीचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर नको. पोरं पेंगतात, मीही पेंगतो.’ विज्ञानाच्या मॅडमना आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गाला लागून दोन तासिका हव्या होत्या. एका तासिकेत स्टँड लावून, परीक्षानळ्या वाटून होईपर्यंत घंटा वाजते आणि प्रयोग नुसताच फळ्यावर होतो, असं त्यांचं म्हणणं. हे त्या बरीच वर्षं मनात धरून होत्या. इंग्रजीच्या मॅडम दहिवडीकडून एसटीने यायच्या. गाडी प्रार्थना संपल्यावर पोहोचायची आणि मस्टरवर त्यांच्या नावापुढे लाल खुणा पडायच्या. घरी लहान मूल, आधीची गाडी पहाटेची. त्यांचा पहिला तास काढून टाकला. त्यावर त्या आपणहून म्हणाल्या, ‘मग शेवटचे तास मला द्या, माझी परतीची गाडी तशीही सहाला आहे.’ शेवटचा तास कुणालाच नको असतो. तो प्रश्न असा चुटकीसरशी सुटला.

दोघांना एकच जागा हवी असल्याचे प्रसंगही आले. शब्दाने शब्द वाढला, चहा मागवावा लागला. इतिहासाचे सर वयाने मोठे, त्यांनी आपली चिठ्ठी उचलून दुसरीकडे ठेवली आणि वाद मिटला. दुपार उलटून गेल्यावर जे वेळापत्रक तयार झालं त्यात कागदावर दोष होते. ‘नववी ब’ला मंगळवारी गणित आणि विज्ञान पाठोपाठ आलं होतं. पण ते स्टाफचं वेळापत्रक होतं. त्या वर्षी बदली तासांवरून माझ्याकडे तक्रार घेऊन येणं जवळपास थांबलं. कुणाच्या घरी दुखणं असलं, लग्न असलं, की आपसात तास बदलून मला फक्त कळवलं जायचं.

चित्रकलेच्या सरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. जानेवारी उजाडला की दहावीच्या जादा तासांसाठी चित्रकला आणि पीटीचे तास घ्यायचे, हा बहुतेक शाळांमधला रिवाज. गणिताचे सर दारात उभे राहिले की चित्रकलेचे सर काही न बोलता हातातला खडू ठेवून बाहेर पडायचे. त्यांचं हे निमूट बाहेर पडणं मला सहन होईना. ज्या माणसाचा तास कुणीही, कधीही उचलून नेऊ शकतो, त्याला आपण शाळेचा शिक्षक आहोत असं वाटणार कसं? मी लेखी सूचना काढली. चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाचा तास शेवटच्या दिवसापर्यंत कुणी घ्यायचा नाही. जादा तास घ्यायचा असेल त्याने शाळेआधी घ्यावा. गणित-विज्ञानवाले नाराज झाले, मला दोनदा भेटायला आले. मी बधले नाही.

पुढच्या जुलैपासून चित्रकलेचे सर सकाळी नऊला शाळेत हजर. शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, यांची तयारी त्यांनी सुरू केली. बाकावर मडकं, वांगी आणि खाली पसरलेला चादरीचा तुकडा मांडून वस्तुचित्र, कधी अक्षरलेखन. या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात हे पालकांना कळलं तेव्हा तेही चौकशीला येऊ लागले. सरांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

आता लॉगबुक. मुख्याध्यापकाने शिक्षकाच्या तासाला बसून निरीक्षण नोंदवायचं असतं. जुनी लॉगबुकं मी चाळली. पानोपानी तेच: ‘फलकलेखन चांगले. वर्गनियंत्रण ठीक. शैक्षणिक साहित्याचा वापर करावा.’ खाली शिक्षकाची सही. नाव बदललं तरी मजकूर तोच. अशा नोंदीने कुणाचं भलं झालं असेल असं मला वाटत नाही.

2018 साली दहावीचं नवं पुस्तक आलं आणि बीजगणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आलं: जीएसटी, शेअर्स वगैरे. पुष्कळ शिक्षक या प्रकरणाला कंटाळले होते, कारण ते स्वतः कधी शिकले नव्हते. आमच्या गणिताच्या सरांनी मुलांना आदल्या दिवशी घरातली बिलं आणायला सांगितली होती. मी मागच्या बाकावर बसले. मुलांच्या हातांत किराणा दुकानाची, हार्डवेअरची, मोबाईलच्या दुकानाची बिलं होती. बरीचशी कृषी सेवा केंद्राची. सर शिकवत नव्हतेच, विचारत होते. जीएसटी नंबर कुठे आहे? त्याचे पहिले दोन आकडे काय? सगळ्यांचे 27 कसे? मग कुणीतरी ओरडलं, महाराष्ट्राचा कोड आहे सर! सीजीएसटी किती, एसजीएसटी किती, दोन्ही सारखेच का? अशात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तिचा आवाज ऐकू येत नसे. ती म्हणाली, ‘सर, खताला 5 टक्के लावलाय आणि फवारणीच्या औषधाला 18. दोन्ही शेतालाच लागतंय, मग असं का?’

सर थांबले. म्हणाले, ‘हे मला माहीत नाही. पण प्रश्न बरोबर आहे. उद्यापर्यंत आपण दोघांनीही शोधायचं.’

मी लॉगबुकात पानभर लिहिलं. कुठली बिलं होती, कुठला प्रश्न कुणाला विचारला, ती मुलगी काय बोलली, सर काय म्हणाले. शेरा असा काही दिलाच नाही. शेवटी एवढंच लिहिलं की ‘माहीत नाही’ असं सरांनी वर्गात मोकळेपणाने सांगितल्यावर आणखी चार मुलांनी हात वर केले, हे मी मोजून पाहिलं. सरांनी ते वाचलं, सही केली आणि गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले. ‘मॅडम, त्या पानाची झेरॉक्स काढू का?’ मी म्हटलं, काढा की. तर म्हणाले, ‘वीस वर्षांच्या वर नोकरी झाली. माझ्या तासाला काय घडतं हे कुणी बघितलंच नव्हतं.’

शिक्षकाला कौतुक हवं असतं असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा, की त्याला त्याआधी साक्षीदार हवा असतो. चाळीस-पन्नास मुलांच्या खोलीत दार लोटून तो दिवसभर काम करतो. ते काम समजणारं मोठं माणूस तिथे कधीच नसतं. ‘छान शिकवता हो’ असं कुणीही म्हणतं आणि ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. तासात नेमकं काय घडलं हे सांगणारा भेटला, की माणूस पुढच्या तासाची तयारी वेगळी करतो. पुढे पुढे शिक्षक मला आपणहून विचारू लागले, ‘माझ्या तासाला कधी येताय?’ चुकलेलं काही दिसलं तर ते मी लॉगबुकात लिहीत नसे, समोरासमोर बसून बोलत असे. लॉगबुक हे कुणाविरुद्धचा पुरावा होता कामा नये, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. मग हिंदीच्या मॅडम गणिताच्या तासाला जाऊन बसल्या, विज्ञानाच्या मॅडमना शेजारच्या गावच्या शाळेतली प्रयोगशाळा बघायची होती, त्यांना ऑन ड्युटी पाठवलं. खर्च एसटीच्या तिकिटाचा.

या सगळ्याची परीक्षा 2019 च्या जूनमध्ये झाली. त्या वर्षी दहावीचे भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढून टाकले होते आणि कृतिपत्रिका नवी होती. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. आमचाही कोसळला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पारावर काय बोललं जात होतं ते सगळ्यांच्या कानांवर आलेलं. त्यातच वरून पत्र आलं: ज्या विषयांचा निकाल कमी, त्या विषय शिक्षकांनी वैयक्तिक लेखी खुलासा द्यावा.

खुलासा मी दिला. शाळेचा म्हणून, मुख्याध्यापकाच्या सहीने, एकाही शिक्षकाचं नाव न घालता. गुणपद्धत बदलली त्याचा परिणाम, आमच्या मुलांची लेखनाची कमजोरी, दोन्ही त्यात मांडलं. ते पत्र पाठवण्याआधी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. एकेकट्याला कोपऱ्यात घेऊन झाडलं असतं तर प्रत्येकाने आपली कातडी वाचवली असती, इंग्रजीने मराठीकडे बोट दाखवलं असतं आणि गणिताने आठवीच्या वर्गशिक्षकाकडे.

मग आम्ही नापास मुलांच्या गुणपत्रिका टेबलावर पसरल्या. पुष्कळ मुलं एका किंवा दोन विषयांत, थोडक्या गुणांनी अडकली होती. जुलैत पुरवणी परीक्षा होती. जादा तास घ्या असं मी कुणाला म्हटलं नाही. इंग्रजीच्या मॅडमनीच विचारलं, ‘मुलांना संध्याकाळी बोलावू का?’ त्यांनी सहाची गाडी सोडून उशिराची धरायला सुरुवात केली. घरी सासूबाई मुलाला बघत. एक मुलगा निकालानंतर लगेच मुंबईला चुलत्याकडे कामाला निघून गेला होता. आमच्याकडची कितीतरी मुलं अशीच जातात. इतिहासाच्या सरांनी त्याच्या चुलत्याला फोन लावला, एकदा नाही, तो परत येईपर्यंत रोज. त्याला इतिहासात चांगले गुण होते, अडला होता तो गणितात. म्हणजे सरांच्या निकालाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो आला, परीक्षेला बसला आणि सुटला. सगळे सुटले नाहीत. दोन मुली परीक्षेलाच आल्या नाहीत, कारण त्यांची लग्नं ठरली होती. तो विषय इथे मांडण्यासारखा छोटा नाही.

शिक्षकांचा वेळ परत मिळवून देणं हेही एक देणंच आहे, पण त्यात मला थोडंच यश आलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पण माहिती मागवण्याला कुणी काम मानतच नाही. यू-डायस, सरल, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळणी, आठवीपर्यंतच्या मुलांच्या पोषण आहाराच्या नोंदी. ग्रुपवर पत्र पडतं, ‘अतितातडीचे, दुपारी 2 पर्यंत’, आणि वर्गशिक्षक मुलांना स्वाध्याय लावून मोबाईलवर फॉर्म भरत बसतो. मी क्लार्क भाऊसाहेबांना बरोबर घेऊन वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाची सगळी माहिती एकदाच गोळा केली, संगणकावर ठेवली आणि चालू तासातून शिक्षकाला माहितीसाठी बोलवायचं नाही असा नियम केला. काही पत्रांना उशीर झाला. त्याची बोलणी मी ऐकली. तेही मुख्याध्यापकाच्याच हातातलं आहे असं मी मानते.

पुरस्कारांबद्दल मात्र माझं मत कडू आहे. राज्य पुरस्कार घ्या की अन्य कुठला, शिक्षकानेच स्वतःचा प्रस्ताव भरायचा, फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं लावून फाइल करायची. आमच्या शाळेतल्या सर्वांत उत्तम शिक्षकाने कधी फाइल केली नाही. ‘मी किती चांगला हे मीच लिहू?’ असं ते म्हणत. मागून मिळालेल्या मानाने कुणाला बळ येतं यावर माझा विश्वास नाही.

शालेय व्यवस्थापन पदविका करताना मी मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग वाचला होता. 1950 च्या दशकात त्याने अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या परिसरात अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेतल्या. त्याचा निष्कर्ष असा, की माणसाला कामात समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि असमाधान देणाऱ्या वेगळ्या. काही साधल्याचा आनंद, दखल, जबाबदारी, खुद्द काम यांतून समाधान येतं. पगार पुरेसा नसेल तर असमाधान येतं, आणि ते दखल घेऊन भरून निघत नाही. प्रशिक्षणांमध्ये याचा पहिला भाग रंगवून सांगतात. दुसरा भाग कुणी सांगत नाही.

तो दुसरा भाग माझ्या स्टाफरूममध्येच बसत होता. आमच्या एका तुकडीवरचे विज्ञानाचे सर आधी विनाअनुदानित, मग 20 टक्के अनुदानावर. शेजारच्या वर्गात तोच विषय शिकवणाऱ्या मॅडमना पूर्ण पगार, यांना त्याचा पाचवा हिस्सा, तोही वेळेवर नाही. संध्याकाळी ते कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहायचे. जीएसटीच्या तासाला मुलांनी आणलेल्या बिलांपैकी काही त्यांच्याच अक्षरातली होती. मुलांनी ते ओळखलं होतं आणि मोठ्याने बोलले नव्हते.

एका शिक्षक दिनाला ठरलं की त्यांना शाल-श्रीफळ देऊन ‘आदर्श शिक्षक’ म्हणून गौरवायचं. हेतू चांगलाच होता. मी संस्थेच्या सभेत सांगितलं की हे करू नका. त्याऐवजी स्नेहसंमेलनाच्या आणि सत्कारांच्या खर्चातून दरमहा काही रक्कम त्यांना द्या. पूर्ण पगार मिळणाऱ्या माणसाला मी वेळापत्रकातली निवड देईन, त्याच्या तासाला बसेन, त्याच्या वतीने खुलासा लिहीन, आणि तो उभारी धरेल. ज्याच्या घरात किराण्याची उधारी थकली आहे त्याला हेच देऊन समाधान मान म्हणणं हा अन्याय आहे. बरीच चर्चा झाली, काहींना माझं बोलणं लागलं. शेवटी ठराव झाला. रक्कम लहान होती, पण महिन्याच्या महिन्याला मिळत गेली. सरांनी दुकानातलं काम सोडलं नाही, तेवढ्याने सोडण्यासारखं नव्हतंच. इन्स्पायर अवॉर्डसाठी मुलांच्या कल्पना गोळा करायचं काम मात्र त्यांनी आपणहून मागून घेतलं.

मी निवृत्त व्हायच्या सुमारास ते 40 टक्क्यांवर पोहोचले होते. पुढच्या टप्प्याच्या मागणीसाठी अंशतः अनुदानित शिक्षकांचं धरणं मुंबईत आझाद मैदानावर होतं, तिथे जायला त्यांनी रजेचा अर्ज दिला. मी तो लगेच मंजूर केला. त्यांचे तास स्टाफने वाटून घेतले, आठवीचं विज्ञान मी घेतलं.